हाऊ हिरो शे!

धुळ्याच्या पाच कंदिलापाशी भर दुपारी गॉगल लावून उभा असलेला माणूस दिसला, की दोन शक्यता असतात. त्याचे डोळे आले असतील, नाहीतर तो हिरो असेल. मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेलेला असताना अंगात काळं जाकीटही असेल, तर डोळ्यांची चौकशी करायचं कारण नाही.

हा हिरो कुठल्यातरी अहिराणी व्हिडिओत झळकलेला असतो किंवा झळकणार असतो. या दोहोंत तो स्वतः फारसा फरक करत नाही. पोटासाठी मेडिकलवर बसतो, रिक्षा चालवतो, मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मोजून देतो; पण त्याबद्दल विचारू नये. विचारलंच तर ‘सध्या शूटिंग बंद शे’ एवढं उत्तर मिळतं. घरात आईने हाक मारली तरी याचा आधी खांदा वळतो, मग मान, मग उरलेला हिरो. तोवर माउली दळणाचा डबा घेऊन दारात ताटकळते. “जाय ना रे बाप, गिरणी बंद व्हई जाई!”

घराण्याचा अभिमान मात्र दांडगा. स्मिता पाटील आमच्या शिरपूरची, मृणाल ठाकूरचा जन्म धुळ्याचा, आणि मधल्या काळात हा. स्मिता पाटील पुण्यात जन्मली, असं सांगून पाहा. “मूळ कथानं?” असं तो विचारतो आणि आपण गप्प होतो.

भूमिका म्हणाल तर बहुधा खलनायकाच्या उजव्या हाताची, तीही तिसऱ्या रांगेतली. वाट्याला येतं ते मरण. पण मरणात याला जे सुख आहे ते भल्याभल्यांना जगण्यात नसेल. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी शूटिंग चालू आहे. गोळी लागते, हा पडतो. दिग्दर्शक पुढच्या शॉटकडे वळतो, तोच हा कोपरावर उठतो आणि आईची आठवण काढतो. पुन्हा पडतो. मग सरपटत सरपटत नेमका कॅमेऱ्यासमोर येऊन थांबतो, कारण मागे त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिग्दर्शक ओरडतो, “अरे मर ना भो, ऊन उतरी राहिनं!” त्यावर मेलेला माणूस एक डोळा उघडून विचारतो, “क्लोजप लिन्हा का?”

मुंबईच्या नटांचा विक्षिप्तपणा पैसा आल्यावर सुरू होतो. भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 साली ‘अलबेला’ धो धो चालला. पुढे जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला आणि वाराला एक अशा सात गाड्या आल्या. मग बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा चाळीत परतले. आमच्या माणसाने सगळा उलटा हिशेब मांडलेला आहे. विक्षिप्तपणा आधी घ्यायचा, गाड्या सवडीने. सध्या सातही वारांना मिळून एकच मोटरसायकल आहे. ती मेव्हण्याची.

या जातीचा मूळ पुरुष मात्र धुळ्याचा नव्हे, मालेगावचा. जिल्हा नाशिक, पण आग्रा रोडने तासाभराच्या अंतरावरचा. तेव्हा आम्ही त्याला आपलाच धरतो. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवता चालवता पिक्चर कापायला-जोडायला शिकला आणि 2000 साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. यंत्रमाग शुक्रवारी बंद, म्हणून शूटिंगही शुक्रवारी. ट्रॉली नव्हती, सायकल होती. क्रेन नव्हती, बैलगाडी होती. पुढे त्याला सुपरमॅन काढायची हुक्की आली तेव्हा साऱ्या गावातून त्याने निवडला शफीक शेख. यंत्रमागावरचा कामगार, अंगाने असा काडीपैलवान की झगा फडफडला तर माणूस मागे ओढला जाईल. विलायती सुपरमॅन चड्डी वरून घालतो. शफीकनेही घातली, पण तिचा नाडा बाहेर लोंबत होता. शिवाय या सुपरमॅनला दमा होता. मालेगावची हवा पाहता पटकथेतला याहून खरा तपशील मला तरी सुचत नाही.

शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडला. तो निस्तरतोय तोवर शफीकचं लग्न निघालं. दुनियेला वाचवायचं काम तसंच ठेवून सुपरमॅन नवरदेव झाला. हे सगळं फैजा अहमद खान यांनी 2008 च्या माहितीपटात टिपलं आणि नाड्यासकट शफीक परदेशच्या महोत्सवांत पोहोचला. 2011 साली कर्करोगाने तो गेला. रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 2025 च्या फेब्रुवारीत थिएटरात लागला, तेव्हा शफीकचं काम मुंबईच्या शशांक अरोराने केलं. यंत्रमागावरच्या माणसाची नक्कल करून मुंबईच्या नटाने टाळ्या घ्याव्यात, हा उलटा न्याय मला फार आवडला.

आमच्या हिरोने तो पिक्चर पहिल्याच दिवशी पाहिला. गॉगल लावून. इंटरव्हलला निकाल दिला, “मानूस चांगला शे, पन तब्येत जरा जास्त शे.” मग मालेगावच्या छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी लोक पाहतात हे कळलं, तेव्हापासून तो घरातल्यांना न सांगता त्यांचे व्हिडिओ काढतो. कानबाईच्या सणात रोटांच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यांमधून हा मागे मागे चालत मोबाइल फिरवतो, आणि दरवर्षी कुणाच्या तरी ताटात पाय देतो.

अशा माणसाचं लग्न कसं जमतं? मुलीचा बाप विचारतो, “पोऱ्या काय करस?”

“हिरो शे.”

“ते बठ्ठं ठीक शे. पन करस काय?”

शेवटी मेव्हणा हार्डवेअरचं दुकान पुढे करतो आणि गाडं अडत नाही. लग्नात अंतरपाट दूर झाला, हार पडले, टाळ्या झाल्या. नवरदेवाने हात वर केला. वरचा दिवा तोंडावर आलाच नव्हता. हार काढले, पुन्हा घातले. मग मामा मधे आला. मग व्हिडिओवाल्याची बॅटरी संपली. चौथ्या खेपेला नवरीने हार घातला, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि भर मांडवात सांगितलं, “आते हाऊ शेवटला. मना हात दुखी राहिना.”