मंगल कार्यालयाच्या मालकांस अनावृत पत्र



आपल्या पावतीच्या मागे ‘अक्षता, फुले इतस्ततः टाकू नयेत’ आणि ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी कार्यालयाची नाही’ यांच्या मधोमध बारीक टायपात एक अट असते: ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ या अटीची निर्भयता पाहून थक्क व्हायला होतं. लग्न मोडो, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अध्यक्षपदावरून फूट पडो, नाहीतर मार्च २०२०प्रमाणे सरकारच सगळ्यांना घरी बसवो, अट जागची हलत नाही. दीडशे वर्षं जुना भारतीय करार कायदासुद्धा जिथे ‘वाजवी भरपाई’ म्हणत चाचरतो, तिथे आपण बेधडक पुढे जाता.

त्या कायद्याच्या कलम ७४नुसार करार मोडल्याबद्दलची रक्कम आधी ठरलेली असली, तरी ती कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवणाऱ्या मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराचं प्रकरण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. माल वेळेवर आला नाही म्हणून सरकारने ठेके रद्द केले आणि १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारलं, नुकसान किती झालं? ते मोजता येण्याजोगं होतं, पण सरकारने पुरावाच दिला नव्हता. जप्ती टिकली नाही. खुद्द भारत सरकारला, तेही लष्कराच्या मुदपाकखान्याचा प्रश्न असताना, जे जमलं नाही ते आपण नुसत्या पावतीबुकाच्या जोरावर करता, याचं कौतुक कुणीतरी करायला हवंच.

आपण म्हणाल, तारीख अडकून पडली, दारात आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली, त्याचं काय? बरोबर आहे. दोन-दोन कार्यालयं धरून ठेवून ऐन वेळी एक सोडणारे यजमान आहेतच, आणि त्यांची कीव करण्याचं कारण नाही. माफक इसार ठेवून घ्यायला न्यायालयाचीही हरकत नाही. पण नुकसान तारखेवर आणि किती आधी कळवलं यावर ठरतं. तुळशीच्या लग्नानंतरचा चांगला मुहूर्त चार महिने आधी मोकळा झाला, तर तो घ्यायला दुसरा वधुपिता बहुधा मिळतोच. मग एका दिवसाचं भाडं दोन घरांतून येतं. याला नुकसान म्हणायला वेगळंच अंकगणित लागेल. उलट पितृपक्षातला एखादा मेळावा आदल्या आठवड्यात रद्द झाला, तर ती तारीख रिकामीच जाणार. तिथे आपण पैसे ठेवून घेतलेत तर तक्रारीला जागा नाही. आपली अट मात्र दोघांना एकाच तराजूत तोलते, आणि तराजू आपल्याच गल्ल्यावर ठेवलेला असतो.

‘सही केली होती ना?’ हे आपलं दुसरं उत्तर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याची वाट अडवली आहे. झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणारा करार हा कायदा ‘अनुचित’ ठरवतो, मग त्यावर सही झालेली का असेना.  आपलं सुदैव एवढंच की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात भागत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पंचवीस-तीस हजारांसाठी तेवढे हेलपाटे घालायला लग्नघरात कुणाला सवड असते? आपली अट टिकून आहे ती कायद्यामुळे नव्हे, या थकव्यामुळे.

तेव्हा विनंती एवढीच. चालू पावतीबुक संपलं की नवं छापताना अटीत थोडी भर घाला: तारीख दुसऱ्याला दिली गेल्यास ठरावीक खर्च वजा करून उरलेली रक्कम परत मिळेल; न गेल्यास किती आधी कळवलं त्यानुसार कपात होईल; आणि कार्यालयानेच तारीख नाकारली तर यजमानालाही त्याच हिशेबाने भरपाई मिळेल. बारीक टायपात छापलीत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक भावी यजमान