अंगठ्याची सोय

पियानोच्या छापील वह्यांमध्ये सुरांच्या डोक्यावर बारीक आकडे असतात. एक म्हणजे अंगठा, पाच म्हणजे करंगळी. कुठल्या सुरावर कुठलं बोट पडावं हे कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पियानो मी तरी पाहिलेला नाही. पेटी मात्र जिथे भजनी मंडळ तिथे आहेच, आणि तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पियानोचीच. आकडे तेवढे कुणी छापून दिलेले नाहीत.

तेरला संत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी भजनाला बसलं की माझं लक्ष गाणाऱ्यापेक्षा पेटीवाल्याच्या उजव्या हाताकडे जास्त. (या गावात हाताकडे बघायला हरकत नसावी. स्वतःचे हात तोडून घेतलेल्या गोरोबांना ते परत मिळाले, तेही पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला गेल्यावर, अशी कथा आहे.) डावा हात भात्याला जुंपलेला, त्यामुळे सगळा कारभार उरलेल्या पाच बोटांवर. त्यात करंगळी बऱ्याचदा नुसती हजेरी लावून जाते.

भूप रागातलाच अभंग घ्या. सूर मोजून पाच, म्हणजे काम सोपं वाटतं. काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारा असला तर सा-रे काळ्यावर, ग तेवढा पांढरा, मग प-ध पुन्हा काळे. तर्जनीनं सा, मधल्या बोटानं रे, आणि लगेच अंगठा खालून सरकून गंधारावर. पुन्हा तर्जनी, मधलं, आणि वरच्या षड्जाला अनामिका. उतरताना मधलं बोट अंगठ्यावरून उडी मारून ऋषभावर येतं. ती उडी दिसावी पण ऐकू येऊ नये, एवढंच. हात यात छान बसतो. तेवढ्यात दुसरे बुवा पुढं सरकतात आणि म्हणतात, ‘काळी दोन द्या.’ झालं! आता पांढरे येतात रे, ग आणि ध. अंगठ्याला एकाऐवजी दोन ठिकाणी, रे आणि ध वर, कामाला जावं लागतं. राग तोच, अभंग तोच, बोटं मात्र सगळी नव्यानं. आणि काळी एकमधल्या दुर्गा रागात तर पाचही सूर काळेच. तिथं अंगठ्यानं बसावं कुठं?

एका पेटीवाल्यांना मी विचारलं होतं, अवघड जागेवर बोट कुठलं घ्यावं? ते म्हणाले, ‘आधी गाणार कोण ते सांगा की.’

जोडून वाजवायचं की तोडून, हा प्रश्न आणखी नाजूक. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. तो जोर भात्याचा. बोटाच्या हाती दोनच गोष्टी, कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं. उचलायला उशीर झाला की दोन सूर एकमेकांना चिकटतात, घाई झाली की मध्ये भोक पडतं. गजर द्रुतात गेला आणि एकाच सुरावर नाम घोळू लागलं, की एकच बोट ठोकत राहणारा थोड्या वेळात थकतो. जाणता माणूस त्याच पट्टीवर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं धाडतो. वाईट अवस्था असते ती गजरात रंगून डावा हातही ठेक्यात भाता मारू लागतो तेव्हा. मग सूर हुंदके देतो.

अंगठ्याची परवड तिकडे पियानोवाल्यांतही जुनीच आहे. बाखच्या मुलानं, कार्ल फिलिप इमानुएलनं, 1753 च्या आपल्या ग्रंथात वडिलांची आठवण नोंदवली आहे: त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादकसुद्धा लांब पल्ला गाठायचा असेल तेव्हाच अंगठ्याला बोलवत. पुढे शोपँनं शिष्यांचा हात पहिल्यांदा ठेवायला लावला तो अशा पट्ट्यांवर, की लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर पडावी. हाताची ठेवण पाहून सूर निवडण्याचा हा शहाणपणा मला फार आवडतो. आणि डेब्युसीनं 1915 मध्ये बारा अवघड अभ्यासरचना लिहिल्या, त्यावर एकही आकडा घातला नाही. हात प्रत्येकाचा वेगळा, बोटं ज्याची त्यानं शोधावी, असं प्रस्तावनेत सांगून मोकळा झाला. आमच्याकडे ही प्रस्तावना कुणी वाचली नसेल, पण अंमलबजावणी चोख आहे.

आता स्केलचेंजर पेट्या आल्या आहेत. पट्ट्यांची अख्खी रांग सरकवली की बोटं जुनीच आणि सूर नवा. जुन्या मंडळींना हे पटत नाही. बोटं आळशी होतात म्हणतात. पण खरी गंमत शिकणाऱ्या पोरांच्या पेटीवर बघावी. तिथं पट्ट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून सा, रे, ग लिहिलेलं असतं, पांढरी एकपासून. आजोबा म्हणतात, ‘काळी एकमध्ये धर रे.’ पोरगं पेटीकडे बघतं. काळ्या पट्ट्यांवर कागद चिकटवायचा राहूनच गेलेला असतो.