पावसाळ्याची जागा

सांगलीकराच्या आयुष्यात ४० हा आकडा वर्षातून दोनदा येतो. एप्रिल-मेमध्ये तो अंशांत असतो, जुलै-ऑगस्टमध्ये फुटांत. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पुराच्या चाळिसाची दखल सगळं सरकार घेतं. उन्हाच्या चाळिसाची दखल घेणारं खातं आमच्या घरात आहे आणि ते माझे सासरे, आण्णा, एकहाती चालवतात.

या खात्याचा सगळा कारभार खिडक्यांवर. सकाळी ऊन तुळशीच्या कट्ट्यावर चढलं की आण्णा पूर्वेपासून सुरुवात करून एकेक खिडकी लावत येतात. दिवसभर घरात काळोख. कुणी वर्तमानपत्र वाचायला दिवा लावला, तर दिव्यानंसुद्धा खोली तापते असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून हाताच्या पाठीनं हवा जोखायची आणि बाहेरची आतल्यापेक्षा गार ठरली, तरच सगळ्या झडपा खाडखाड उघडायच्या. गणित सोपं आहे. जाड भिंती रात्रभर गार होतात, तो गारवा दिवसा सांभाळायचा. पुण्या-मुंबईचे पाहुणे मात्र भर दुपारी दोनला 'जरा वारा येऊ दे' म्हणत खिडकीला हात घालतात. आण्णा अडवत नाहीत. वारा म्हणून जे आत येतं ते पाहुण्याच्या तोंडावर नीट येऊ देतात आणि मग विचारतात, "अजून एक उघडू?"

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी यवतेश्वरच्या बाजूनं वारा सुटतो आणि माणसं त्याच्यासाठी खुर्ची खिडकीपाशी ओढून बसतात. सातारकराची खिडकी उघडण्यासाठी असते, सांगलीकराची बंद होण्यासाठी. त्यामुळे आमची पश्चिमेची खिडकी ऐन एप्रिलात बंद व्हायची थांबली, तेव्हा घरातलं वातावरण पंख्याचं पातं निखळल्यासारखं गंभीर झालं.

खिडकी जुनी, सागवानी. उभे लोखंडी गज, वर दोन आणि खाली दोन अशा चार झडपा. वरची जोडी उघडली की छताशी साठलेली गरम हवा बाहेर जाते, खालच्या जोडीतून गार आत येते, आणि खालची लावून वरची उघडी ठेवली की रस्त्यावरच्याला आपण काय जेवतोय ते दिसत नाही. त्यातली खालची उजवी झडप बिजागरीतून खचली. कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. बोटभर फट पडली आणि दुपारी तीननंतर त्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट आण्णांच्या वामकुक्षीवर येऊ लागली. आण्णांनी सुतळी बांधली, वीट लावली, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा खुपसला. पट्टी कूस बदलून यायची, तसे आण्णाही कूस बदलायचे.

मग माणूस शोधणं आलं. आजकाल खिडकीचं काम म्हटलं की जो येतो तो अॅल्युमिनियमवाला असतो. एक आला. त्यानं खिडकीकडे न बघताच टेप काढला.

"काढून टाकू सगळं. स्लायडिंग बसवू. एकदम हॉलिवूड."

आण्णांनी त्याला बसवून घेतलं. "स्लायडिंग म्हणजे एक काच दुसऱ्या काचेमागं जाणार?"

"बरोब्बर."

"म्हणजे खिडकी उघडली तरी निम्मी बंदच राहणार?"

"आता… टू-ट्रॅक म्हटल्यावर तसंच की, आण्णा."

"मग पैसे पण निम्मे?"

माणूस हसला. आण्णा हसले नाहीत. पुढे त्यांनी त्याला काचेतून ऊन आत येतं पण तापलेल्या खोलीतली धग काही तशी बाहेर जात नाही, मे महिन्यात अॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावून बघ, तुमच्या दुकानाच्या दर्शनी भागाला सगळी काचच आहे तर आत एसी का लावलाय, असे प्रश्न विचारले. तो चहा न घेता गेला. सांगलीत चहा न घेता कुणी उठणं, म्हणजे वाटाघाटी फारच विकोपाला गेल्या होत्या.

मुळात हवा होता सुतार. इकडे सगळेच त्याला मिस्त्री म्हणतात. मिस्त्री गावात होता, फोनही उचलत होता, आणि प्रत्येक वेळी मनापासून 'निघालोयच' म्हणत होता. फक्त मागे कधी सनई ऐकू यायची, कधी हलगी. लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा दोन्ही याच दिवसांत येतात, आणि ज्याला मेहुणे आणि ग्रामदैवत दोन्ही आहेत त्या माणसानं आमच्या कोयंड्यासाठी झुरावं अशी अपेक्षा तरी कशी करायची? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीता स्वयंवर' रंगवलं तेव्हापासून सांगली ही नाट्यपंढरी. मुख्य पात्राला रंगमंचावर किती उशिरा आणायचं, याची जाण इथल्या मिस्त्र्यांत तेव्हापासूनच मुरली असावी.

साताऱ्याहून आईनं मदतीचा हात पुढे केला. "आमचा मिस्त्री पाठवते. तो शनिवारी आहे."

"अगं, शनिवारला अजून वेळ आहे."

"शनिवार पेठेत गं. आत्ता."

"मग पाठव की."

"आत्ता कसा येईल? त्याचं मंगळवारातलं राहिलंय. ते झालं की शुक्रवारात जायचंय. म्हणाला, बुधवार होईपर्यंत काही खरं नाही."

"वार की पेठ?"

"तेच मी त्याला विचारलं. तर म्हणाला, दोन्ही."

शेवटी आमचाच मिस्त्री आला. भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना. खांद्याला पिशवी, बरोबर एक पोरगं, आणि पोरग्याच्या हातात मोबाइल. मिस्त्रीनं झडप दोन बोटांनी हलवली, तोंड वाकडं केलं आणि जगातला प्रत्येक कारागीर ज्या वाक्यानं काम सुरू करतो ते वाक्य म्हटलं.

"कुणी केलंय ओ हे?"

"तुझ्या वडलांनी," आण्णा म्हणाले.

मिस्त्री पुन्हा पुढे झाला. चौकटीवरून तळवा फिरवला, सांध्यात नख घालून बघितलं. "तरीच! एवढ्या वर्षांत चौकट दोराभर हललेली न्हाई बगा. आता कोण करतंय असलं?" मग पोरग्याकडे वळून, "मोबाइल ठेव, हे बघ जरा. आज्ज्याचं काम हाय."

पुढचं मी खुर्ची घेऊन बघत बसले. चुकवण्यासारखं नव्हतंच ते. बिजागरीचे स्क्रू त्यानं पेचकसानं काढलेच नाहीत, नुसत्या बोटांनी ओढले तसे हातात आले. आतलं लाकूड झिजून भोकं मोठी झाली होती. मला वाटलं, आता जाडे स्क्रू घालणार. त्यानं पिशवीतून बांबूची कामटी काढली, पटाशीनं तिच्या काड्या तासल्या, फेव्हिकॉलमध्ये बुडवून एकेक काडी भोकात ठोकली आणि वर आलेली टोकं सफाईनं छाटली. जुनी भोकं गायब. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, साबण द्या." हात धुवायला असेल म्हणून मी द्रवसाबणाची बाटली पुढे केली. "ह्यो न्हाई, वडी." त्यानं स्क्रूचे आटे कपड्याच्या साबणाच्या वडीवर घासले आणि पिळला, तर स्क्रू जराही कुरकुर न करता नव्या बांबूत जुन्याच जागी बसला. साबणाचा असा उपयोग आमच्या टीव्हीवरच्या एकाही जाहिरातीत सांगितलेला नाही.

मग झडप खाली उतरवून रंधा. सागाच्या पातळ सालपटांचा ढीग पोरग्यानं गोळा केला. मधे चहा झाला, भडंग झालं. घामाच्या धारा, बाहेर चाळीस आणि वर कपभर उकळता चहा. चहा प्यायलं की गार वाटतं, असं तिघंही एकमेकांना सांगत होते.

एवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या खिडकीचं दुखणं बरोबर उलटं, ती उघडेना. मिस्त्रीनं फोन हातात घेतला. "काकू, कडेचा रंग नखानं काढा जरा… हां, जवळ दाखवा." पोपडा निघाला, त्याखाली क्रीम, क्रीमखाली हिरवा, हिरव्याखाली चॉकलेटी. दर दोन-चार दिवाळ्यांना ऑइलपेंटचा एक हात बसत गेला आणि झडप चौकटीला कायमची चिकटली. "खिडकी बिघडली न्हाई, काकू. रंगानं चिकटलीय. पातीनं रंग कापा, मग हळू दाबा." फोन परत देताना त्याला राहवलं नाही. "साताऱ्यात एवढा फुकटचा वारा आणि खिडकी उघडत न्हाई. आमच्यात खिडकी उघडतीया, तर वारा न्हाई. दात हायत तर चणे न्हाईत म्हणतात ते ह्येच."

आईला ते ऐकू गेलं. सातारकर असल्यानं तिनं चण्यांऐवजी कंदी पेढ्यांचा विषय काढला आणि सांगलीला त्यांची चव काय कळणार, इथपर्यंत नेला. आण्णा फोनजवळ सरकायला लागले, तेव्हा मी रेंज गेल्याचं जाहीर केलं.

झडप बसली. कडी कोयंड्यात खट्‌कन गेली. आण्णांनी लावली, काढली, पुन्हा लावली. मग चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

"दोन झडपांच्या मधे फट आहे."

"हाय की. ठिवलीया."

"का?"

"ती पावसाळ्याची जागा, आण्णा. लाकूड उभं वाढत न्हाई, पण रुंदीला फुगतंय. आत्ता कोरडं ठणठणीत हाय. आता गच्च बसवली, तर जुलैत तुमी लाथा घालूनबी उघडायची न्हाई. मग मला बोलावणार, मी रंधा मारणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत फट. कायबी करा, एका ऋतूत जरा सैलच ऱ्हातंय."

आण्णांना शास्त्र पटलं, पण खातं त्यांचं होतं. "किती द्यायचे?"

"द्या तुमाला वाटंल ते."

या वाक्याला भलेभले घाबरतात. कमी सांगावं तर लाज वाटते, जास्त सांगावं तर रात्री झोप येत नाही. आण्णा शांत होते. "पूर्ण खिडकीचे पैसे पूर्ण. पण ही आज पूर्ण बंद होत नाही, हे तुला मान्य?"

"मान्य."

"मग फटीचे पैसे कापणार."

मिस्त्रीनं पिशवीत रंधा टाकता टाकता विचार केला. "कापा. पण जुलैत फुगून फट भरली, की कापलेले द्यायचे."

"आणि नाही भरली तर?"

"तर येऊन फुकट भरून देतो."

आण्णांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच तोडीस तोड माणूस भेटल्यासारखे ते उठले आणि मिस्त्रीला फाटकापर्यंत सोडायला गेले. मी दुधाच्या वहीत नवं पान काढून लिहिलं: मिस्त्री, शंभर रुपये, खिडकी फुगल्यावर देणे.