दात काळा, नस शाबूत

आपला जिल्हा दूरदृष्टीचा. प्रवरानगरला १९५० साली सहकारातला साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे शेजारच्या लोणीत दंतमहाविद्यालयही निघालं. कीड आणि इलाज एकाच पंचक्रोशीत. याला म्हणतात नियोजन!

हल्ली पोरांच्या किडक्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावतात. मशीनची घरघर नाही, सुई नाही. दात कोरडा करायचा, ब्रशने थेंबभर लावायचं, मिनिटभर थांबायचं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेला दात टणक करतं. जपानात १९७० पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भानगड एकच, किडलेली जागा काळी कुळकुळीत होते.

झालं, घरात रणकंदन. सगळ्यात मोठा आवाज आजीचा: "पोरीचं लग्न कसं जमायचं?" पोरगी पाच वर्षांची, दाढ दुधाची, बारा वर्षांची होईतो पडणार. आणि आजी हे बोलतेय मिश्रीचं बोट तोंडातून बाहेर काढून.

रंगाच्या या पंचायतीत नसेचं कुणी विचारतच नाही. नस जिवंत असते. प्रयोगशाळेत पेशींवर हे औषध थेट टाकलं तर पेशी मरतात. नवल नाही, ३८ टक्क्यांच्या द्रावणात फ्लोराइड दहा लाखांत सुमारे ४४,८०० भाग, रोजच्या पेस्टमध्ये हजाराच्या आसपास. पण दातात औषध आणि नस यांच्यामध्ये डेंटिनची भिंत असते. चांदी तिच्या बारीक नळ्यांत अडकते, त्या बुजवते. भिंत जाड असेल तर नसेला सहसा धक्का लागत नाही. खड्डा नसेपर्यंत गेला असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, तर मात्र या औषधाचं तिथे काम नाही. चांदीची अ‍ॅलर्जी असली तरी नाही. तेव्हा बायांनो, बाप्यांनो, डॉक्टरांना "काळं पडेल का?" हे जरूर विचारा, पण आधी "खड्डा किती खोल आहे?" ते विचारा. एक्स-रे काढू म्हणाले तर पैसे काढायला बसलेत असं समजू नका.

हे औषध खरं सोयीचं कुणाला? कोपीवर राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या लेकरांना. वीज नको, खुर्ची नको. फक्त सहा महिन्यांनी दुसरा हात द्यावा लागतो. तोवर हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडलेला असतो आणि लेकरू आई-बापाबरोबर पाथर्डीला, नाहीतर पार बीडकडे. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, हे मुकादमाच्या वहीत पैशासकट लिहिलेलं असतं. त्याच ओळीत लेकराच्या दाताला पहिला हात कधी दिला ती तारीख टाकायला कितीशी शाई लागते?