सात भागिले बारा

दिवाळीला पुण्याहून जालन्यात उतरलेला प्रोग्रामर लांबूनही ओळखू येतो. पाठीवर कंपनीची सॅक, पायात घरच्या चपला, आणि अंबड चौफुलीवर चहाचा ग्लास धरून तो दुसऱ्या प्रोग्रामरला सांगत असतो की, जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या यादीत रिकामी यादी मिळवली तर यादी येतच नाही, रिकामी स्ट्रिंग येते. दुसरा हसून वाकतो. तिसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही." या जमातीत रामराम असाच घालतात.

यंदा त्यांच्या हाती सातबारा लागला.

एकाला वडिलांनी उतारा काढायला पाठवलं होतं. तो उतारा काढायचं सोडून उताऱ्याच्या नावाकडेच बघत बसला. जालना जिल्ह्यात सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सातवर जमीन कुणाची ते, बारावर तिच्यात पेरलंय काय ते. मधली तिरपी रेघ नुसती रेघ आहे, ती कशाला भागत नाही. (भावाभावांत भागते, पण तो गणिताचा प्रांत नव्हे.) प्रोग्रामरला मात्र तिरपी रेघ दिसली की भागाकारच दिसतो. त्याने मोबाइलवर सात भागिले बारा टाकलं आणि बैठक बसली.

सी भाषेत याचं उत्तर शून्य. पूर्णांकाला पूर्णांकाने भागायचं आणि उरेल ते टाकून द्यायचं, हा १९७०च्या दशकातला शिरस्ता. १९९५ साली आलेल्या जावाने तो तसाच उचलला. सातबारा कोरा करायचा म्हटलं की इकडे सभा होतात, फेटे बांधले जातात, मग निकष येतात, मग निकषांत कोण बसत नाही त्याची यादी लागते. सीने पन्नास वर्षांपूर्वीच कोरा केला आणि सत्कारही मागितला नाही. पायथॉनसुद्धा आधी शून्यच द्यायचा. २००८ साली त्याची तिसरी आवृत्ती आली आणि तेव्हापासून सातबारा ०.५८३३३३३३३३३३३३३४ भरतो. शेवटचा तो चार कुणाचा, असं विचारलं तर सांगतात की संगणक दहाच्या नव्हे, दोनच्या हिशेबात मोजतो, त्यात काही अपूर्णांक नीट बसत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला. एवढासाच कोरलाय, म्हणून कुणी काही बोलत नाही.

चहाचा दुसरा राउंड आला तोवर विनोदाने दावं तोडलं होतं. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातून आकडा काढून देणारं 'पार्सइंट' नावाचं फंक्शन आहे. त्याला इंग्रजी आकड्यांत लिहिलेला सातबारा दिला तर ते रेघेपर्यंत वाचतं, तिथेच थांबतं आणि सात हातात ठेवतं. म्हणजे मालकी शाबूत, पीक गायब. हे ऐकून एकाला ठसका लागला, कारण त्याच्या वडिलांच्या मोसंबीची नोंद अशीच गेली होती, तीही पार्सइंटच्या मदतीशिवाय. मराठी आकड्यांत दिला तर तेवढंही नाही. मग कुणीतरी म्हणालं, उणे सात घे, खात्यावर देणं आहे असं धर. सी भाषेत उत्तर पुन्हा शून्य, कारण ती उरलंसुरलं सोडून देते. पायथॉनमध्ये दोन तिरप्या रेघा मारून पूर्णांकी भागाकार केला तर उत्तर उणे एक, कारण तो नेहमी खालच्या अंगाला सरकतो. अर्ध्याहून थोडं जास्त देणं सी माफ करते आणि पायथॉन अख्खं धरतो. सावकारही गावात याच दोन तऱ्हांचे. आता आठ-अ! एकूण जमिनीचा हा खातेउतारा सातबाऱ्याला जोडावाच लागतो. जावास्क्रिप्टला आठ अधिक अ विचारलं तर ती बिनतक्रार '८अ' लिहून देते, कारण अधिकच्या एका बाजूला अक्षर दिसलं की ती बेरीज सोडून चिकटवायला लागते. आठ उणे अ विचारलं तर उत्तर येतं 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नव्हे'. या नॅनचा प्रकार विचारला तर भाषा सांगते: आकडा. आणि हा नॅन त्याच नॅनशी जुळतो का, असं दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारा, तीन चिन्हांनी विचारा, उत्तर एकच: नाही. स्वतःशीच न जुळणारा आठ-अ. ही भाषा १९९५ साली दहा दिवसांत उभी केली, म्हणजे गणपती बसवून शिरवायला लागतो तेवढ्या वेळात. फक्त हिला कुणी शिरवलं नाही.

इथवर हसायला हरकत नाही. पण तिरपी रेघ टपरीवर बसून राहत नाही. ती गावातल्या केंद्रावर जाते, तिथे एक्सेल असतं आणि एक्सेलला रेघ दिसली की तारीख दिसते. गट क्रमांक १२/३ टाइप करून एंटर मारलं की झाला १२ मार्च. सातबारा टाकला तर संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ७ डिसेंबर किंवा १२ जुलै, म्हणजे एकात तूर उभी आणि दुसऱ्यात अजून पेरणी. या खोडीने शास्त्रज्ञांनाही सोडलं नाही. मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं असलेली माणसाची जनुकं तक्त्यात टाकली की तारखा होऊन बसत. २०२० साली त्यांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये ही खोड बंद करायची सोय त्यानंतर, २०२३ साली आली. गट क्रमांक बदलायचा म्हणजे मात्र मोजणी आली, फेरफार आला, भाऊबंद आले.

मग हे कुणी तपासत नाही का? तपासतात की. त्यासाठी टेस्टर असतो.

टेस्टर फॉर्म उघडतो. नाव: एएसडीएफ. आडनाव: एएसडीएफ. गाव: टेस्ट. गट क्रमांक: १२३. कीबोर्डवर डाव्या हाताची चार बोटं ओळीने पडली की जो शब्द उमटतो तोच या देशातला सर्वांत जास्त तपासलेला शेतकरी. त्याचा अर्ज कधी अडत नाही, सगळ्या टेस्टना हिरवी टिकली लागते. अर्ज अडतो तो दुसऱ्यांचा. पायथॉनमध्ये 'हा शब्द निव्वळ अक्षरांचा आहे का' असं विचारायची सोय आहे, 'इझअल्फा'. एएसडीएफला तो हो म्हणतो. जालन्याला नाही म्हणतो, कारण काना हे त्याच्या लेखी अक्षर नव्हे, अक्षराला चिकटलेली खूण. बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी: प्रत्येकात कुठे काना, कुठे मात्रा, कुठे अनुस्वार, कुठे उकार. १ मे १९८१ रोजी झालेल्या या जिल्ह्याचे आठही तालुके नापास. पास व्हायचं तर नाव अगदी नागवं हवं. राज्यात तसं एका जिल्ह्याचं नाव होतं, अहमदनगर. ते २०२४ साली अहिल्यानगर झालं, तेही नापास.

संताप येतो तो पायथॉनचा नाही. त्याने नियम लिहून ठेवलेत, वाचणाऱ्याला ते सापडतात. संताप येतो तो एएसडीएफ टाइप करणाऱ्या बोटांचा, कारण ती बोटं लंडनची नाहीत, मंठ्याची आहेत. त्या पोराला बापाचं पूर्ण नाव येतं, गावाचं येतं, गट क्रमांक येतो, त्या क्रमांकावरून झालेलं भांडणही येतं. ते नाव एकदा, फक्त एकदा, त्या चौकटीत मराठीत टाकून बघायला अर्धा मिनिट लागलं असतं! तेवढं न केल्याने त्याचाच बाप रांगेत उभा राहतो, केंद्रावरची मुलगी त्याला 'वरून एरर येतोय' सांगते आणि 'वर' म्हणजे कोण, तर पुण्यात बसलेला हा. तक्रार पोचलीच तर तिच्यावर शेरा: माझ्या मशीनवर चालतंय. मग ते मशीनच मंठ्याला पाठवून द्या. या मंडळींत म्युटेशन टेस्टिंग नावाचा एक उच्च प्रकारही असतो. कोडातल्या एखाद्या अधिकचं मुद्दाम उणे करायचं आणि टेस्ट ओरडते का बघायचं, नाही ओरडली तर तो बदल 'जिवंत राहिला' म्हणायचं. तलाठ्याकडच्या म्युटेशनला फेरफार म्हणतात. तिथेही वारस लागेपर्यंत वारलेला माणूस जिवंतच राहतो.

असो. तर टपरीवर शेजारच्या बाकड्यावरून एक काका उठून आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद.

"पोरांनो, तुम्ही कांप्युटरचेच ना?"

काकांचा अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत आला होता. आडनाव इथे देण्याचं कारण नाही, पण वऱ्हाडे, कुऱ्हाडे यांच्यासारखं त्यातही 'ऱ्ह' होतं. दोन्ही कागदांवर तेच आडनाव, तीच अक्षरं.

या 'ऱ'ने जेवढा छळ केलाय तेवढा कुठल्याही भागाकाराने केलेला नाही. शेतकरी एकटा असेपर्यंत ठीक असतो. त्याला काही द्यायचं, त्याचं काही घ्यायचं म्हटलं की शेतकऱ्याला, शेतकऱ्याचं, आणि ही आडवी रेघ आलीच. युनिकोडमध्ये ती दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात स्वतंत्र 'ऱ' आहे, जो तक्त्यात दक्षिणेकडच्या भाषांचा एक र लिहिण्यासाठी म्हणून नोंदवलाय आणि मराठीची सोय त्याच्याच अर्ध्या रूपावर लागलीय. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, मग न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, छापून आले तरी सारखेच. पण 'शेतकऱ्या' एवढ्या शब्दाची लांबी मोजायला सांगा: पहिल्या तऱ्हेने आठ, दुसऱ्या तऱ्हेने नऊ. दोन बरोबरची चिन्हं लावून विचारा, नाही जुळत. तीन लावा, नाही.

"माह्या डोळ्याला तर काही फरक दिसंना," काका म्हणाले.

तिघांनी कागद उन्हाला धरले. मग एकाने मांडीवर थाप मारली. दुसऱ्याने ते आडनाव दोन्ही तऱ्हांनी टाइप करून लांबी मोजली आणि मोबाइल सगळ्यांना दाखवला. तिसरा म्हणाला, ग्रुपवर टाक, ग्रुपवर टाक, असलं लाइव्ह कधी मिळत नाही. काकांची परवानगी घेऊन दोन्ही कागदांचा फोटो निघाला. समोरून काकांची एसटी गेली.

"मंग आता जुळंल का?"

"नाही काका. पण बग लई भारी आहे."