क्वालिटीवाले काका

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत दोन जातींचे निवृत्त लोक राहतात: प्रॉडक्शनमधून निवृत्त झालेले आणि क्वालिटीतून निवृत्त झालेले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आणि तेव्हापासून या गावानं औषधांपासून ट्रकपर्यंत जे जे केलं, ते एकानं बनवलं आणि दुसऱ्यानं अडवलं. निवृत्तीनंतर बनवणाऱ्याचं बनवणं थांबतं. अडवणाऱ्याचं थांबत नाही, कारण त्याला लागणारा माल जगात कधीच कमी पडत नाही.

आमचे क्वालिटीवाले काका ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. पार्किंगमध्ये पाना पडल्याचा आवाज त्यांना दुपारच्या झोपेतही ऐकू येतो. तो कितीचा पाना होता हेही त्यांना कळतं, असा पोरांचा संशय आहे. मग काका खाली येतात. चट्ट्यापट्ट्याचा लेंगा, खिशात पेन आणि हात मागे बांधलेले. ते हात महत्त्वाचे. इन्स्पेक्टरनं मालाला हात लावायचा नसतो, नुसतं बोट दाखवायचं असतं.

गेल्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं पुढच्या चाकाचं पंक्चर काढून आणलं होतं. गाडी जुनी, दीडशे सीसी, पुढे डिस्क, मीटर अजून केबलवर. मेन स्टँडवर उभी, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा. काकांनी आधी ठोकळा हलतो का ते चपलेनं पाहिलं. हलला नाही, तेव्हा तोंड उघडलं.

"एक्सल कुठल्या बाजूनं काढला होतास?"

"आठवत नाही काका."

"खोलायच्या आधी फोटो काढला असशील."

"नाही."

"सकाळच्या मिसळीचा काढलास ना?"

पोरगं गप्प. मिसळीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होताच.

मग टायर. टायरच्या कडेवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. डिस्क एकाच बाजूला असल्यामुळे चाक उलटं बसत नाही, पण पंक्चरवाल्यानं रिमवर टायरच उलटा चढवला तर? काका गुडघ्यांवर हात टेकून वाकले, बाण शोधला. बाण बरोबर होता. काकांचा चेहरा किंचित पडला. निर्दोष माल बघून इन्स्पेक्टरला होणारं हे दुःख बाहेरच्यांना कळायचं नाही.

तेवढ्यात वॉचमनचं पोर सीटवर चढलं आणि तोंडानं भुर्र करत पुढचा ब्रेक दाबू लागलं. तेव्हा मात्र काकांचे हात पाठीमागून सुटले. "सोड! सोड आधी!" चाक बाहेर असताना ब्रेक दाबला की पॅडच्या मध्ये डिस्क नसल्यामुळे दोन्ही पॅड एकमेकांना जाऊन भिडतात. मग चाक बसवताना डिस्क आत शिरत नाही. पोर दाबतच राहिलं असतं तर पिस्टन बाहेर आणि ऑइल फरशीवर. पॅड फाकवायला तिसऱ्या मजल्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला, तो काकांनी नजरेनंच खाली ठेवायला लावला. अखेर एक तुटकी लाकडी फूटपट्टी कामाला आली. तीही काकांच्या घरूनच आली.

आता बुश. तो चुकीचा बसला की चाक मधोमध बसत नाही, डिस्क एका अंगाला घासते. त्यानंतर मीटरची केबल फिरवणारा किडा. त्याच्या दोन दाढा हबच्या खाचांत बसल्याखेरीज नट आवळायचा नाही, आवळलात तर किड्याचा चुरा. काका हे सगळं एकेका वाक्यात सांगतात आणि प्रत्येक वाक्याला "बघ हं" जोडतात. ऐकणाऱ्याला संताप येतो. त्यातही खरा संताप याचा, की ते चुकत नाहीत. एकदा तरी चुकले असते तर ए विंगनं पेढे वाटले असते.

इतक्यात बी विंगचे प्रॉडक्शनवाले काका दूध घेऊन आले. "अजून चाकच चाललंय? वीस मिनिटांचं काम! मीटर कोण बघतंय? चालतंय की."

"चालतंय." क्वालिटीवाले शांतपणे म्हणाले. "एकतीस तारखेला तुमचं सगळंच चालायचं."

या दोघांनी एका कंपनीत कधी काम केलेलं नाही. तरी महिनाअखेरच्या डिस्पॅचची भांडणं ते एकमेकांशी अजून पुरी करताहेत.

मग काका वर गेले आणि टॉर्क रेंच घेऊन आले. ती त्यांच्या कपाटात काकूंच्या पैठणीच्या शेजारी, जुन्या धोतरात गुंडाळलेली असते. वापर झाला की सेटिंग पार खाली आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. काकू म्हणतात, माझे गुडघे थकले तेव्हा एवढं कोणी विचारलं नाही. एक्सलला ग्रीसचा पातळ हात, डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. नट आधी हातानं, आटे नीट धरले की मगच पान्यानं. कट् असा आवाज आला. पोरानं हौसेनं आणखी एकदा ओढलं. "कट् म्हणजे थांब," काका कळवळले, "तिनं सांगितलं ना तुला!"

एक्सल धरून ठेवणारा क्लॅम्प बोल्ट अजून सैलच होता. गाडी स्टँडवरून उतरवून हँडल धरून शॉकअप चार-पाच वेळा खालीवर दाबायला लावले. असं केलं की शॉकअपचा पाय एक्सलवर आपली जागा घेतो, मग बोल्ट आवळायचा. आधीच आवळला तर शॉकअप अडकत चालतो. शेवटी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करायला लावला. "पहिला ब्रेक इथं मार. चौकात नको."

या जुन्या गाडीला नसलं, तरी २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. चाकाशी दातेरी रिंग, तिच्यासमोर सेन्सर, त्याची वायर. काकांना ही सक्ती मनापासून आवडते. तपासायला तीन गोष्टी वाढल्या.

पोरानं पार्किंगमध्ये चक्कर मारली, ब्रेक मारला, मीटरचा काटाही हलला. "ओके ना काका?" काकांनी खिशातलं पेन काढलं. ते पेन नव्हतं, पिवळा पेंट मार्कर होता. नटावरून एक्सलवर एक सरळ रेघ ओढली. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात पास झालेल्या नटाला अशीच खूण करतात. "कंडिशनल ओके," ते म्हणाले. "थोडी फिरवून आण, मग परत दाखव."

दुसऱ्या दिवशी तशी रेघ पाण्याच्या पंपाच्या बोल्टवर दिसली. मग गेटच्या बिजागरीवर. बुधवारी प्रॉडक्शनवाल्या काकांच्या स्कूटरवर, चारही दिसणाऱ्या नटांना. त्यांनी ती वाकून बघितली, इकडंतिकडं पाहिलं, आणि त्यातल्या एका नटावर हळूच पाना लावून बघितला.