फॉरमॅट हे निदान नव्हे

दुरुस्तीच्या दुकानात संगणक टेकवला रे टेकवला की निकाल येतो: 'फॉरमॅट मारावं लागेल.' विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांना आता विंडोज ११ हवं आहे. त्याला यूईएफआय ही बूटची नवी पद्धत लागते, सिक्युअर बूटची क्षमता लागते, आणि त्यासाठी सिस्टिम डिस्क जीपीटी पद्धतीची लागते. घरातला जुना संगणक निघतो जुन्या एमबीआर पद्धतीचा. कुणाच्या मुलाला व्हॅलोरंट खेळायचं असतं, तर विंडोज ११ वर तो गेमही सिक्युअर बूट मागतो. मग कुणीतरी डिस्कची पद्धत बदलायला बसतं, काळ्या खिडकीत एक इंग्रजी ओळ उमटते आणि सगळं घाबरून दुकानात. तिथे पंधरा वर्षांचे फोटो पुसायचा सल्ला मिळतो, वर त्याचे पैसेही घेतले जातात. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

फॉरमॅट न मारता डिस्कची पद्धत बदलणारा प्रोग्रॅम विंडोजमध्येच आहे. त्याचं नाव एमबीआर-टू-जीपीटी. तो २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून सिस्टिम-थर्टीटू फोल्डरमध्ये बसलेला आहे आणि त्याला एक पैसा पडत नाही. तो तुमच्या फायली उचलून कुठे नेत नाही. जमीन जागच्या जागी राहावी आणि फक्त सातबारा नव्याने लिहावा, तसं हे काम आहे. जुना एमबीआर १९८३ चा. सगळा मिळून ५१२ बाइटचा, त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना, म्हणून नोंदी चारच आणि डिस्कची मर्यादा सुमारे दोन टीबी. जीपीटीत विंडोज १२८ नोंदी ठेवतं आणि त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

मग अडतं कुठे? आपल्याकडे तरी बहुधा सी, डी, ई, एफ मध्ये.

असेंबल्ड संगणक घेतला की दुकानदार डिस्कचे चार तुकडे करून द्यायचा: एकात विंडोज, एकात सिनेमे, एकात फोटो, एकात ऑफिसचं. गिऱ्हाइकालाही ते बरं वाटायचं. पण एमबीआरच्या चार नोंदींतली एक विंडोज गुपचूप स्वतःच्या 'सिस्टिम रिझर्व्ड' तुकड्याला घेतं. उरलेलं बसवायचं तर शेवटची नोंद 'एक्स्टेंडेड' करून तिच्या पोटात 'लॉजिकल' ड्राइव्ह करावे लागतात. आणि एमबीआर-टू-जीपीटीची अट स्पष्ट आहे: प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन, एक्स्टेंडेड एकही नको. म्हणजे ज्या घरात शिस्तीत चार ड्राइव्ह केलेत, तिथे हा प्रोग्रॅम नकार देणारच.

तो नकार कसा देतो ते बघा. 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क झिरो.' संपलं. कोणती अट मोडली, कोणतं पार्टिशन नडलं, एक अक्षर नाही. तपासणीचा तपशील विंडोज फोल्डरमधल्या 'सेटअपॲक्ट' लॉगमध्ये उतरवला जातो, पडद्यावर मात्र ही एकच ओळ. हाच प्रोग्रॅम चालू विंडोजमधून साधेपणाने चालवला तर म्हणतो की मी विंडोज पीईमधूनच चालतो, इथून चालवायचं तर 'अलाउ-फुल-ओएस' हा स्विच जोडा. म्हणजे उपाय सांगता येतो! मग 'तुमचा ई ड्राइव्ह लॉजिकल आहे, तो आधी हलवा' एवढं सांगायला काय हरकत होती? मायक्रोसॉफ्टने कोट्यवधी लोकांना नवं विंडोज घ्यायला लावलं, तर त्या लोकांना कळेल असं कारण देणं तिचं काम होतं. ते तिने केलेलं नाही.

तोवर डोळ्यांनी तपासायची सोपी जागा म्हणजे डिस्क मॅनेजमेंट. तिथे डिस्क झिरोच्या पट्टीवर हिरवी चौकट दिसली की एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, आणि तिच्या आतले फिकट निळे तुकडे म्हणजे लॉजिकल ड्राइव्ह. त्यातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर तिथले दहा-वीस फोटो उघडून पाहा, नुसती फोल्डरची नावं पाहून समाधान मानू नका. मग लॉजिकल ड्राइव्ह काढा, रिकामी हिरवी चौकटही काढा. जागा काळी, म्हणजे 'अनअलोकेटेड' झाली की त्याच प्रोग्रॅमची 'व्हॅलिडेट' ही तपासणी पुन्हा चालवा. आता तपासणी सहसा पास होते. रूपांतर झाल्यावर त्याच जागेत डी आणि ई पुन्हा करता येतात, त्यांचा डेटा परत ठेवता येतो. सी ड्राइव्हवरचं विंडोज, टॅली, श्रीलिपी, सगळं होतं तसं राहतं. यात फॉरमॅट कुठे आला?

दुसरा नकार 'कॅनॉट फाइंड ओएस पार्टिशन्स' असा येतो. बूटच्या यादीत कधीकाळच्या, आता नसलेल्या विंडोजची नोंद शिल्लक असली की हे बरेचदा घडतं. 'एमएसकॉन्फिग'च्या बूट टॅबमध्ये ती मेलेली नोंद दिसते, तिथूनच काढता येते. शेजारी लिनक्स असेल तर मात्र या वाटेला सहज जाऊ नका. त्याचं बूटलोडर जुन्या एमबीआरमध्ये असतं, ते वेगळं बसवावं लागतं. बिटलॉकर चालू असेल तर आधी 'सस्पेंड' करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. त्याच संगणकात ठेवलेली की वेळेला उपयोगाची नाही.

आणि शेवटी रीएजंट फाइल अपडेट झाली नाही असा निरोप आला तर हबकू नका. रूपांतर झालेलं असतं, फक्त रिकव्हरीची सोय तुटलेली असते. 'रीएजंट-सी' आधी डिसेबल, मग एनेबल केलं की ती पुन्हा जुळते.

सर्वांत जास्त फॉरमॅट विनाकारण मारले जातात ते यानंतर. रूपांतर यशस्वी होतं, संगणक रीस्टार्ट होतो आणि पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं. माणसाला वाटतं, डिस्क गेली. डिस्कला काहीही झालेलं नसतं. बोर्ड अजून जुन्या लेगसी पद्धतीने बूट शोधत असतो. सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-टू दाबून सेटिंगमध्ये जायचं, ती जुनी पद्धत चालवणारं सीएसएम बंद करायचं, यूईएफआय चालू करायचं, पहिल्या क्रमांकावर 'विंडोज बूट मॅनेजर' ठेवायचं. बस्स. बोर्डाला यूईएफआय येतं का हे मात्र रूपांतराच्या आधी पाहायचं असतं. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद होताच पडदाच काळा राहू शकतो, तेही आधीच तपासलेलं बरं. त्याहून आधीचा प्रश्न प्रोसेसरचा: विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. त्याआधीची असेल तर निव्वळ विंडोज ११ साठी हा खटाटोप करू नका.

खरा धोका वेगळ्याच दोन ठिकाणी आहे. पहिला 'डिस्कपार्ट'मधला 'क्लीन'. इंटरनेटवर एमबीआरचं जीपीटी कसं करायचं विचारलं की क्लीन करा, मग कन्व्हर्ट करा असं सर्रास सांगितलं जातं. ते रिकाम्या डिस्कसाठी आहे. ती आज्ञा 'खात्री आहे का' असं विचारतसुद्धा नाही, सगळी पार्टिशनं एका क्षणात उडवते. दुसरा धोका पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना. निवडलेली डिस्क एमबीआर आहे, इथे विंडोज बसणार नाही, असा निरोप येतो आणि त्याच पडद्यावर 'डिलीट'चं बटण समोर असतं. सी, डी, ई एकामागून एक डिलीट करत गेलं की सेटअप आनंदाने पुढे जातो आणि घरातले लग्नाचे फोटो जातात. ते बटण दाबायच्या आधी थांबायला सांगणारा माणूस शेजारी हवा. तो बहुतेकदा नसतो.

बॅकअप सगळ्यांच्या आधी, याला पर्याय नाही. रूपांतराला काही मिनिटंच लागतात, पण त्याच मिनिटांत वीज जायला नको. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर घ्या.

दुरुस्ती करणाऱ्यांना मी सरसकट दोष देत नाही. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत संगणक हवा असतो, आणि फॉरमॅट मारून दीड तासात तो परत देता येतो. पण वेळ त्यांचा वाचतो आणि डेटा तुमचा जातो. म्हणून पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट म्हणालं तर दोन गोष्टी विचारा: व्हॅलिडेट चालवलंत का, आणि सेटअपॲक्ट लॉगमध्ये काय लिहिलंय? उत्तर मिळेपर्यंत संगणक त्याच्याकडे ठेवू नका.